इंजिन दुसऱ्याचं, गाडी आपली

सोमवार, लंडन

फिन्सबरी पार्कहून लोकल पकडली की लगेच हॉर्नसी येतं. स्टेशनाबाहेर टॉटनहॅम लेन. याच रस्त्यावर स्टॅन चॅपमन रेल्वे हॉटेल चालवायचे. त्यांच्या मुलाने, कॉलिनने, हॉटेलमागच्या तबेल्यांत गाड्या बांधायला घेतल्या आणि १९५२ साली लोटस इंजिनीअरिंग ही कंपनी काढली. भांडवल पंचवीस पौंड, तेही हेझलने दिलेलं, जिच्याशी त्याचं पुढे लग्न झालं. मी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मला जागेचा अंदाज घ्यायचा होता. फॉर्म्युला वनमध्ये गाडी बांधणाऱ्या संघांचं विजेतेपद सात वेळा घेणारी कंपनी इतक्या अडचणीच्या जागेत उभी राहिली, हे वाचून कळत नाही, इथे उभं राहिल्यावर कळतं.

भोसरीत माझं फायबरग्लासचं युनिट आहे. बसचे बंपर, डॅशबोर्ड, ट्रॅक्टरची छतं असे जॉब आम्ही करतो. मोल्डचा खर्च पन्नास नगांवर वाटायचा की पाच हजारांवर, यावर आमचं जगणं ठरतं. म्हणून ब्रिटनला यायचं ठरलं तेव्हा राजवाडे आणि मोठी प्रेक्षणीय स्थळं यादीतून काढली आणि छोट्या स्पोर्ट्स कार बनवणाऱ्यांची गावं घातली. कोण टिकलं, कोण बुडालं आणि कशाने, हे जागेवर जाऊन बघायचं होतं.

या मंडळींना पहिली काही वर्षं करातल्या एका फटीने जगवलं. युद्धानंतर नव्या गाडीवर परचेस टॅक्स असायचा, १९५७ च्या सुमारास घाऊक किमतीच्या ६० टक्के. पण गाडी सुट्या भागांत विकली आणि गिऱ्हाइकाने घरी जोडली, तर हा कर लागत नसे. त्या वर्षी आलेली लोटस सेव्हन तयार घेतली तर १,०३६ पौंडांना पडे, सुटी घेतली तर ५३६ ला. तरुण इंजिनीअर, शाळामास्तर, गॅरेजवाले, सगळे घरच्या अंगणात गाडी जोडायला लागले. जोडणीची पुस्तिका मात्र सोबत देता येत नसे. मग गाडी कशी सुटी करायची याची पुस्तिका दिली जाई आणि लोक ती मागून पुढे वाचत, अशी गोष्ट सेव्हनवाले अजून सांगतात.

१ एप्रिल १९७३ ला परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही फट बुजली. वर्ष संपायच्या आत अरबांनी तेल रोखलं. १९७४ च्या सुरुवातीला ब्रिटनमधले कारखाने आठवड्याला तीनच दिवस विजेवर चालत होते. एकाच वर्षात एवढं सगळं अंगावर आल्यावर छोटी नावं एकामागून एक पुसली गेली. सेव्हन वाचली, कारण लोटसने तिचे हक्क त्याच सुमारास विक्रेते ग्रॅहम नर्न यांच्या कॅटरहॅम कंपनीला विकले. ती गाडी आजही केंट परगण्यातल्या डार्टफर्डला बनते. २०२१ पासून मालक जपानी आहेत. तिच्या सगळ्यात लहान मॉडेलला सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवतात. सुझुकीच्या इंजिनावर वाढलेल्या आपल्या लोकांना हे ऐकून बरं वाटेल.

मंगळवार, हेथेल

लिव्हरपूल स्ट्रीटहून नॉर्विच सुमारे दोन तास. पुढे टॅक्सी. दोन्ही बाजूंना सपाट शेती, मधेच कुंपण, आणि कुंपणापलीकडे धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लिबरेटर बॉम्बर विमानं इथून उडायची. १९६६ साली चॅपमनने कंपनी इथे आणली. त्या धावपट्ट्यांचाच चाचणीचा ट्रॅक झाला.

इथे माझ्या डोक्यात सतत एलीट होती. १९५७ च्या लंडन मोटर शोमध्ये लोटसने ती मांडली. अंगाखाली लोखंडी चासी नाही, सगळी गाडीच फायबरग्लासची. इंजिन आणि सस्पेन्शन जिथे बसतं तिथे तेवढं लोखंड आत पुरलेलं. फायबरग्लासचं काम करणाऱ्यालाच कळेल की ही किती मोठी हिंमत होती. काचतंतूंच्या मॅटचे थर हाताने बसवायचे, त्यांना घट्ट करणारं रेझिन सगळीकडे सारखं झिरपलं पाहिजे, कुठे हवा अडकली तर ती जागा कमजोर. बसच्या बंपरला अशी कमजोर जागा चालून जाते. जिथे चाकाचा धक्का थेट येतो तिथे चालत नाही. म्हणून एकेका बॉडीला वेळ लागायचा, पुढे तर विमानं बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीकडून बॉडी करून घ्यावी लागली. गाडी देखणी, हलकी, शर्यती जिंकणारी, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक गाडीमागे लोटसला तोटा. १९६३ पर्यंत हजाराच्या आसपास एलीट बनल्या. चॅपमन शहाणा माणूस. १९६२ च्या एलानला त्याने मधोमध लोखंडी पत्र्याचा कणा दिला, फायबरग्लासला फक्त अंग झाकण्याचं काम ठेवलं आणि इंजिनाचा ब्लॉक फोर्डचा घेतला. त्या गाडीने घर चालवलं.

डिसेंबर १९८२ मध्ये चॅपमन अचानक गेला. त्यानंतर लोटस या हातातून त्या हातात फिरत राहिली: १९८६ ला जनरल मोटर्स, १९९३ ला बुगाटीचे रोमानो आर्टिओली, १९९६ ला मलेशियाची प्रोटॉन, २०१७ ला चीनची गीली. या धावपळीत १९९६ ला एलिस आली, आर्टिओली यांच्या नातीचं नाव घेऊन. अ‍ॅल्युमिनियमचे एक्स्ट्रूजन, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढलेल्या लांब पट्ट्या, गोंदाने चिकटवून केलेली चासी, वजन ६८ किलो. अख्खी गाडी ७२५ किलो. टूलिंगवर, म्हणजे साचे आणि हत्यारांवर, फार खर्च न करता थोड्या संख्येत उत्तम चासी कशी करावी याचा माझ्या दृष्टीने हा धडा आहे. एक्स्ट्रूजनची डाय प्रेसच्या डायपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि वेल्डिंग नसल्याने वाकण्याची भीती नाही. टेस्लाला तिची पहिली गाडी, रोडस्टर, करायची होती तेव्हा तीही एलिसच्याच ज्ञानावर, इथेच हेथेलला जोडली गेली.

२०२५ मध्ये लोटसने ब्रिटनमधल्या ५५० पर्यंत नोकऱ्या कमी करायची योजना जाहीर केली. विजेवरची मोठी गाडी वूहानला बनते. टॅक्सीवाल्याने परतीच्या वाटेवर सांगितलं की या भागातल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी कधीतरी लोटसमध्ये होतंच. त्याच्या आवाजात काळजी होती आणि ती मला ओळखीची वाटली. मोठी कंपनी शिफ्ट कमी करते तेव्हा आमच्या एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर हेच बोलणं चालतं.

बुधवार, गेडन

मावसभाऊ लेमिंग्टनला राहतो. पिंपरीच्या टाटा मोटर्समधून जग्वार लँड रोव्हरला आला आणि इथेच रमला. वहिनींनी सकाळी पोहे केले, मग दादा मला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला घेऊन गेला. त्याचं ऑफिस शेजारीच.

म्युझियम बघायला वेळ कमी पडला, पण लिहावं अशी एकच गोष्ट. जग्वारची सुरुवात १९२२ साली विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्स्ली या दोघांनी मोटरसायकलच्या साइडकार बनवण्यापासून केली, आणि ती ब्लॅकपूलला. म्हणजे २००८ पासून टाटांच्या घरात असलेलं हे नावही मुळात छोट्या कारखानदाराचंच. "दादा, मग हे मोठे झाले आणि बाकीचे का नाही?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "लायन्सने किंमत कमी ठेवली आणि संख्या वाढवली. संख्या वाढवली की पैसा लागतो, पैसा लागला की मालक बदलतो. उद्या मॅल्व्हर्नला जातोयस ना, तिथे उलटं बघशील."

गुरुवार, मॅल्व्हर्न

बर्मिंगहॅमहून तासाभराची गाडी. मॅल्व्हर्नच्या टेकड्या सपाटीतून एकदम वर येतात. मॅल्व्हर्न लिंक स्टेशनावरून पिकर्सले रोडपर्यंत चालत गेलो. लाल विटांच्या शेडची रांग, १९१४ च्या सुमारापासून इथेच. एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९१० च्या लंडनमधल्या ऑलिम्पिया प्रदर्शनात तीन चाकांची गाडी मांडली, तेव्हापासून मॉर्गन गाड्या बनतायत. फेरी आधी नोंदवावी लागते. आमच्या गटात बहुतेक निवृत्त जोडपी होती.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो, कारण पुण्यातही लोक मला हे विचारतात. मॉर्गनची चासी लाकडी नसते, ती धातूची. लाकडाचा असतो तो बॉडीचा सांगाडा, ज्यावर पत्रा बसतो. लाकूड अ‍ॅशचं, हातोड्याचे दांडे आणि हॉकी स्टिक ज्याच्या करायचे ते. चिवट, धक्का पचवणारं. मागच्या चाकावरची कमान एका तुकड्यात कापत नाहीत. पातळ पट्ट्यांना गोंद लावून जिगमध्ये आवळून ठेवतात, सुकल्यावर ती त्याच आकारात राहते. सुतारकामाच्या शेडमध्ये एक तरुण मुलगा पटाशीने सांध्याचा अगदी पातळ पापुद्रा काढत होता. मी बराच वेळ तिथून हललो नाही. गाइडबाईंनी हसून मला पुढे नेलं.

पत्र्याच्या शेडमध्ये बॉनेट त्या-त्या गाडीवर बसवून घासतात. दुसऱ्या गाडीचं बॉनेट हिला चपखल बसेलच असं नाही. पुढचे मडगार्ड मात्र आता वूस्टरच्या कारखान्यातून येतात, तापवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला हवेच्या दाबाने साच्यात बसवून केलेले. इथे मला मॉर्गनचं शहाणपण दिसलं. हाताने जे चांगलं होतं ते हाताने, बाकीचं ज्याला येतं त्याच्याकडून.

इंजिनाच्या बाबतीत तर त्यांनी हे व्रतासारखं पाळलंय. जेएपी, मॅचलेस, फोर्ड, कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, स्टँडर्ड, ट्रायम्फ, रोव्हर, बीएमडब्ल्यू. शंभराहून जास्त वर्षं दुसऱ्याची इंजिनं घेतली. त्याची किंमतही मोजली, कारण इंजिन देणाऱ्याला एक दिवस वाटतं की कंपनीच घेऊन टाकावी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टँडर्ड-ट्रायम्फचे सर जॉन ब्लॅक यांनी मॉर्गन विकत मागितली. मॉर्गननी नकार दिला, तर ब्लॅक यांनी स्वतःची ट्रायम्फ टीआर-टू काढली. पुढे त्याच टीआरची इंजिनं मॉर्गनला मिळत राहिली, ही मला मोठी गंमतीची आणि मोठ्या मनाचीही गोष्ट वाटते. १९६६ मध्ये रोव्हरने विचारणा केली. पुन्हा नकार, पण बोलणी संपली तेव्हा रोव्हरचं नवं व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन मॉर्गनला द्यायचं ठरलं होतं. त्यातून १९६८ ची प्लस एट आली आणि कंपनीला पस्तीसेक वर्षांचा आधार मिळाला. विक्रीला नाही म्हणताना संबंध न तोडणं मला आमच्या धंद्यातही फार थोड्यांना जमलेलं दिसतं.

अमेरिकेत तर त्यांनी याहून वेगळा मार्ग काढला. धुराचे नियम आले तेव्हा नव्या इंजिनाची चाचणी करून घेण्याएवढा पैसा छोट्या कंपनीकडे नव्हता. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका आयातदाराने मॉर्गन गाड्या प्रोपेन गॅसवर चालतील अशा करून विकल्या. खप थोडा होता, पण बाजारातलं नाव गेलं नाही.

आता १९९० चं प्रकरण. आयसीआय या मोठ्या रसायन कंपनीचे माजी अध्यक्ष सर जॉन हार्वी-जोन्स बीबीसीच्या कार्यक्रमासाठी इथे आले होते. गाडीसाठी गिऱ्हाइकं कित्येक वर्षं थांबत आणि आठवड्याला दहाच्या आसपास गाड्या बाहेर पडत. हार्वी-जोन्सनी सांगितलं, उत्पादन वाढवा, कामाची पद्धत बदला, नाहीतर संपाल. पीटर आणि चार्ल्स मॉर्गन, बाप-लेक, दोघांनी कॅमेऱ्यासमोर ते मानलं नाही. दादाने सांगितलेलं उलटं ते हेच.

मला स्वतःला वाटतं की प्रतीक्षायादीचा अर्थ मॉर्गनना हार्वी-जोन्सपेक्षा चांगला कळला होता. यादी म्हणजे मंदीतलं धान्याचं कोठार. बाजार बसला की मोठ्या कारखान्याच्या गाड्या आवारात उभ्या राहतात. मॉर्गनची फक्त यादी आखूड होते, माणसं कामावर राहतात, बँकेकडे जावं लागत नाही. पण हार्वी-जोन्स पूर्ण चुकीचे होते असंही म्हणता येणार नाही. पुढच्या काळात शेडमधली कामाची साखळी बदललीच, २००० साली अ‍ॅल्युमिनियमच्या चासीची एरो एट आली. घरात मतभेद झाले, २०१३ मध्ये चार्ल्स यांना बाहेर पडावं लागलं. २०१९ ला इन्व्हेस्टइंडस्ट्रियल या इटालियन गुंतवणूकदारांनी कंपनीचे बहुसंख्य शेअर घेतले. १९३६ पासून चालत आलेली पोलादी शिडीची चासी २०२० मध्ये बंद झाली. तिच्या जागी चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमची आली. लाकडाचा सांगाडा मात्र राहिला. मालकी गेली आणि कारखाना राहिला, हा सौदा कुटुंबाला जड गेला असणार. शेडमधली ती तरुण मुलं बघितल्यावर मला तो बरोबर वाटतो.

शुक्रवार, एबु व्हेल

कार्डिफहून दरीतून वर जाणारी गाडी. पोलाद कारखाना २००२ ला बंद पडला, तेव्हापासून हे गाव कामाची वाट बघतंय. २०१६ मध्ये असं ठरलं की ब्लॅकपूलला बंद पडलेली स्पोर्ट्स कारची कंपनी टीव्हीआर इथे पुन्हा गाड्या बनवणार, वेल्स सरकारने त्यात पैसा घातला. पुढच्या वर्षी गुडवुडच्या मोटार मेळाव्यात तिची नवी गाडी, ग्रिफिथ, दाखवली. लोकांनी आगाऊ रक्कम भरली. या गावातून एकही गाडी गिऱ्हाइकाच्या हातात गेली नाही. स्टेशनाबाहेर एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही वाट बघायचं सोडून दिलं. यावर मला जास्त लिहावंसं वाटत नाही. काम देतो म्हणून सांगून न देणं हे गावावर फार वाईट उमटतं.

वेल्सची खरी गाडी इथून फार लांब नाही, पॉन्टिप्रिडजवळ बनायची. जाइल्स स्मिथ हा खाटीक आणि बर्नार्ड फ्रीज हा जर्मन इंजिनीअर यांनी १९५९ मध्ये खाटीकखान्याच्या मागे पहिली जोडली. दोघांच्या नावांतून गिल्बर्न. फायबरग्लासची बॉडी, नीटस काम, आणि बराच खप सुट्या भागांत. १९७३ च्या व्हॅटने त्यांचा आधारच काढून घेतला आणि कंपनी लवकरच मिटली. तळेगावला दिलीप छाब्रियांच्या डीसीची स्पोर्ट्स कार अवंती बनली, रेनॉच्या इंजिनावर, तेव्हा आम्हा फायबरवाल्यांना केवढा अभिमान वाटला होता. तीही टिकली नाही. गाडी चांगली बनवणं आणि ती वर्षानुवर्षं बनवत राहणं ही दोन वेगळी कामं आहेत.

शनिवार, ब्लॅकपूल

समुद्रकिनाऱ्याने जाणारी ट्राम बिस्पमला सोडते. तिथून आत चालत ब्रिस्टल अ‍ॅव्हेन्यू. २००६ पर्यंत टीव्हीआर इथे होती.

ट्रेव्हर विल्किन्सनने १९४६-४७ च्या सुमारास ब्लॅकपूलमध्ये सुरुवात केली, स्वतःच्याच नावातली तीन अक्षरं उचलून. मग ही कंपनी बुडत आणि तरंगत राहिली. १९६० च्या दशकात अमेरिकन विक्रेता जॅक ग्रिफिथ फोर्डचं व्ही-आठ इंजिन घालून टीव्हीआरच्या गाड्या विकायला लागला. चांगलं चाललं असताना अमेरिकेतल्या बंदरांवर संप झाला, गाड्या अडकल्या, १९६५ मध्ये दिवाळं. मार्टिन लिली आणि त्यांच्या वडिलांनी ती उचलली. जानेवारी १९७५ मध्ये कारखान्याला आग लागली, तरी उभी राहिली. १९८१ ला पीटर व्हीलर मालक झाले. ते केमिकल इंजिनीअर, उत्तर समुद्राच्या तेल उद्योगात पैसा कमावलेले आणि आधी टीव्हीआरचेच गिऱ्हाईक.

व्हीलर यांच्या काळाबद्दल मला मनापासून आदर आहे. ग्रिफिथ, शिमेरा, सर्बेरा अशा गाड्या आल्या, वर्षाला हजाराच्या वर. बॉडी, चासी, आतलं कातडं, सगळं या गावात. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतली आणि व्हीलरना वाटलं, रोव्हरचं व्ही-आठ उद्या बंद झालं तर आपलं काय? त्यांनी स्वतःचं इंजिन करायचं ठरवलं. आधी व्ही-आठ, मग सहा सिलिंडरचं स्पीड सिक्स. मॉर्गनसमोरही हाच प्रश्न होता, त्यांनी बीएमडब्ल्यूकडेच इंजिन मागितलं. व्हीलर यांचा निर्णय जास्त स्वाभिमानी होता, आणि तोच कंपनीला जड गेला. नवं इंजिन लाखो किलोमीटर चालवून बघायला जो पैसा लागतो तो एवढ्याशा संख्येतून निघत नाही. सुरुवातीच्या स्पीड सिक्समधले फॉलोअर (कॅमचा धक्का व्हाल्व्हपर्यंत नेणारे भाग) आणि व्हाल्व्ह गाइड झिजायला लागले, वॉरंटीत इंजिनं परत यायला लागली आणि नफा तिथे गेला. २००४ मध्ये व्हीलरनी कंपनी निकोलाय स्मोलेन्स्की या चोवीस वर्षांच्या रशियन तरुणाला विकली. दोन वर्षांत ब्लॅकपूलचं काम थांबलं. त्या नोव्हेंबरात शेकडो मालक आपापल्या टीव्हीआर घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरले. कारखाना बंद पडतो म्हणून गिऱ्हाइकांनी असा मोर्चा काढल्याचं मी दुसऱ्या कुठल्या गाडीबद्दल ऐकलेलं नाही.

दुपारी दादाच्या ओळखीतून एका वर्कशॉपमध्ये गेलो. दोन लिफ्ट, एक लेथ, भिंतीशी उघडी स्पीड सिक्स इंजिनं. मालकाने जुना फॉलोअर माझ्या हातात दिला. कॅम जिथे घासतो तिथे खड्डा बोटाला लागत होता. नवे फॉलोअर ते वेगळ्या धातूचे करून घेतात, तेलाचा मार्ग सुधारतात, मग इंजिन वर्षानुवर्षं नीट चालतं. "म्हणजे डिझाइन वाईट नव्हतं?" मी विचारलं. तो म्हणाला, डिझाइन चांगलंच होतं, त्याला आणखी दोन वर्षं द्यायला हवी होती.

मी नगांचं विचारलं. भाग बनवणारा कारखाना ठरावीक संख्येखाली ऑर्डर घेत नाही, हे इथेही आहे. मग गाडीमालक आधी पैसे भरतात, पुरेसे जमले की एकदम ऑर्डर जाते. पुढच्या खेपेची यादी भिंतीवर लावलेली होती, आणि आम्ही बोलत असतानाच फोन आला आणि त्याने तिच्यात आणखी एक नाव लिहिलं.